डावीकडची घरं, उजवीकडची घरं

कॉलेजच्या ग्रंथालयात माझ्या टेबलावर दोन लाकडी ट्रे असत. डाव्यात बाहेर गेलेल्या पुस्तकांची कार्डं, उजव्यात परत आलेल्यांची. एखादा विद्यार्थी म्हणाला, "मॅडम, ते पुस्तक मी कधीच परत केलंय," तर मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत नसे, ट्रेकडे बघत असे. कार्ड डावीकडे असेल तर पुस्तक आलेलं नाही. नव्या सहायकांना मी पहिल्याच दिवशी बजावायची की आठवणीवर विसंबू नका, कार्ड बघा. या एका शिस्तीवर माझी सगळी नोकरी झाली, आणि तिच्याचपायी एकदा मी अख्ख्या कॉलनीत तोंडघशी पडले. ती हकीकत तुम्हा नातवंडांसाठी लिहून ठेवते आहे. तुमच्या बाबांना ती अर्धीच ठाऊक आहे.

निवृत्तीनंतर आम्ही शहराच्या कडेला, सातारा परिसर म्हणतात त्या भागात घर बांधलं. तेव्हा शहर त्या बाजूला नुसतं धावत सुटलं होतं. आज जिथं ज्वारीचं शेत दिसे तिथं पुढच्या वर्षी प्लॉटचे दगड रोवलेले असत आणि त्याच्या पुढच्या वर्षी तिथं कपडे वाळत असत. घरं पुढे आली, पण पाण्याची लाइन मागेच राहिली. त्यात लागोपाठ दुष्काळाची वर्षं आली. बोअरला हंडाभर पाणी येई आणि मग नुसता वारा. आमची गल्ली अठरा घरांची. एका बाजूला एक ते नऊ, वळून दुसऱ्या बाजूला दहा ते अठरा. त्यामुळे अठरावं घर पहिल्याच्या अगदी समोर आणि आमचं तीन नंबरचं त्याच्या तिरकं. सोमवार, बुधवार, शुक्रवार असा सरकारी टँकर यायचा. एका टँकरमध्ये तीन घरांचे हौद भरत.

सुरुवातीला ज्याचा आवाज मोठा त्याचा हौद आधी भरे. भांडणं फार झाली तेव्हा कॉलनीच्या बैठकीत पाळ्यांची यादी माझ्याकडे सोपवली गेली. अध्यक्ष म्हणाले, "वहिनी, तुम्ही पुस्तकं सांभाळलीत, पाणीही सांभाळाल." ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, एक नंबरच्या घरातले. मी यादी घेतली ती आनंदानं. घरी बसून मला कुणी विचारेनासं झालं होतं, असं आता लिहायला हरकत नाही.

तुमच्या बाबांनी परदेशी जाताना मला कॉम्प्युटर घेऊन दिला होता. त्याच्या डेस्कटॉपचे मी दोन ट्रे केले. प्रत्येक घराची एक फाइल, म्हणजे एक कार्ड. पाणी यायचं असलेली घरं डावीकडे, पाणी मिळालेली उजवीकडे. टँकर गेला की मी ती तीन कार्डं माउसनं ओढून उजवीकडे न्यायची. अठराही उजवीकडे गेली की फेरी संपली, मग सगळी पुन्हा डावीकडे. टँकरच्या आदल्या संध्याकाळी डावीकडची पहिली तीन घरं चिठ्ठीवर लिहून द्यायची आणि तुमच्या आजोबांनी ती चिठ्ठी सकाळी ड्रायव्हरच्या हातात द्यायची. फाइल उघडून आत काही लिहायची गरज मला कधी वाटली नाही. कार्ड कुठं आहे यातच सगळं होतं.

असं वर्षभर चाललं. भांडणं थांबली. मग कॉम्प्युटर फार हळू झाला. सुरू करून चहा ठेवावा आणि चहा पिऊन यावं, तरी त्याचं चक्र फिरतच असे. आजोबांनी तो रिक्षात घालून शहागंजातल्या एका दुकानात नेला. तेव्हा फेरीतली पंधरा घरं झाली होती. सोळा, सतरा आणि अठरा ही तीन उरली होती. त्याच आठवड्यात टँकर भरायच्या विहिरीवरची मोटार जळाली आणि दोन खेपा आल्याच नाहीत.

गुरुवारी मी स्वतः कॉम्प्युटर आणायला गेले. दुकानदार चाळिशीतला गृहस्थ, माझ्याशी आदरानं बोलला. "अम्मा, एकदम नया सिस्टम डालके दिया. अब मक्खन चलता."

मी म्हटलं, "माझं जुनं सगळं आहे ना?"

"सबीच है अम्मा. कुछ नहीं गया. बस दिखने में थोडा अलग है."

घरी येऊन सुरू केला. चहा ठेवायलाही वेळ मिळाला नाही, इतक्या झटकन उघडला. पण समोर माझं काहीच नव्हतं. रंगीत चौकोनच चौकोन. एकात कुठल्याशा परक्या शहराचं हवामान, एकात बातम्या, एकात खेळ. ज्या कोपऱ्यातल्या बटणावरून मी सगळीकडे जायची ते बटणच नाहीसं झालेलं. मी चष्मा पुसला. आजोबा मागे उभे राहून म्हणाले, "दुसऱ्याचा तर नाही ना आणलास?"

तुम्हाला फोन लावला तर तुमच्यापैकी थोरल्यानं सांगितलं, "आजी, काही शोधायचं असेल तर नुसतं टाइप कर, येईल." तुमचं बरोबर होतं. पण ज्याचं काय हरवलंय हेच त्याला कळलेलं नाही, त्यानं टाइप काय करायचं? तरी चाचपडत चाचपडत एका चौकोनावर बोट पडलं आणि माझा जुना डेस्कटॉप उघडला. अठराच्या अठरा कार्डं तिथं होती. डावीकडे, एकाखाली एक, शिपाई उभे करावेत तशी सरळ रांगेत. मला इतकं हायसं वाटलं की काय सांगू. माझ्या हातून तरी इतकी सरळ रांग कधी लागली नव्हती.

ही नवी सिस्टम सगळे आयकॉन, म्हणजे फाइलींची चित्रं, आपणहून डावीकडे रांगेत लावते, हे मला माहीत नव्हतं. मी जे शिकले होते तेवढंच मला दिसलं. सगळी कार्डं डावीकडे आहेत, म्हणजे फेरी संपून नवी सुरू झाली आहे. मी चिठ्ठी लिहिली: एक, दोन, तीन.

आजोबांनी चिठ्ठी वाचली. "अगं, या फेरीत आपलं झालंय ना?"

"आठवणीवर जाऊ नका. कार्ड डावीकडे आहे."

"मी अनवाणी उभा होतो हौदापाशी. पाय भाजले होते माझे."

"ते त्याच्या आधीच्या फेरीत असेल."

आजोबांनी चिठ्ठीची घडी करून खिशात ठेवली. चाळीस वर्षांत त्यांना कळून चुकलं होतं की मी कार्डाच्या बाजूनं बोलायला लागले की वाद घालण्यात अर्थ नाही.

शुक्रवारी सकाळी टँकर आला. एक नंबर भरला, दोन भरला, मग आमचा हौद. आधीच निम्मा भरलेला होता, लगेच तोंडाशी आला आणि थोडं पाणी अंगणात सांडलं. तेव्हाही मला शंका आली नाही. उलट टँकरचं पाणी आज बरंच आहे असं वाटलं. अंगण आवरण्याच्या नादात कार्डं हलवायची तेवढी राहून गेली.

दुपारी आक्का आल्या. आक्का म्हणजे समोरच्या अठरा नंबरमधल्या. वैजापूरकडच्या. आयुष्यभर शेती केलेली. मुलगा वाळूजच्या कारखान्यात लागला म्हणून शहरात आलेल्या. घरात सून बाळंतीण होती, बाळ पंधरा दिवसांचं. आक्का पायरीवर बसल्या, पदरानं मान पुसली आणि आमच्या ओल्या अंगणाकडे बघत राहिल्या.

"मॅडम, फरशी धुतली वाटतं."

"नाही हो, टँकरचं सांडलं थोडं."

"व्हय का. आमच्याकडं सांडाया बी नाय. हौदात पाल पडली सकाळी, तिला बी बुडाया पानी घावलं नाय. चालत चालत वर आली."

मी हसले. त्या हसल्या नाहीत.

"तुमचा दोनदा भरला. त्या सायबाचा बी दोनदा भरला. म्या समोरच ऱ्हाते मॅडम, मला आकडं येत नाय, पर डोळं हायेत. आमची पाळी कुठं गेली तेवढं सांगा. आमचं काय चुकलं आसंल तर ते बी सांगा."

मी त्यांना आत नेलं, कॉम्प्युटर दाखवायला. खरं सांगते, माझं बरोबर आहे हे दाखवायलाच नेलं. आणि तिथं उभं राहून ती सरळसोट रांग बघताना माझ्या लक्षात आलं. माझ्या हातानं लावलेली रांग नेहमी थोडी वाकडी असे. सात नंबर जरा बाहेर आलेलं, बारा नंबर अकराला चिकटलेलं. ही रांग माझी नव्हतीच. हे ट्रे कुणीतरी उलटे करून पुन्हा भरले होते आणि मी त्यांच्यावर विश्वास ठेवून स्वतःच्याच घरात पाणी भरून घेतलं होतं.

"आक्का, चूक माझी आहे," मी म्हटलं.

"मंग ठीक हाय," आक्का म्हणाल्या. "मला वाटलं आमचीच."

त्या दुपारी आजोबांनी चार घरांचे बागेचे पाइप जोडून रस्त्यापलीकडे टाकले आणि आमच्या हौदातलं पाणी मोटारीनं अठरा नंबरच्या हौदात सोडलं. सोळा आणि सतरावाल्यांना हंडे भरून दिले. पाण्याचं देणं फिटलं. पण गोष्ट तेवढ्यावर मिटणार नव्हती. संध्याकाळपर्यंत गल्लीभर पसरलं होतं की यादीवाल्या बाईंनी आपल्या घराला आणि अध्यक्षांच्या घराला दोनदा पाणी घेतलं. अध्यक्ष शुक्रवारी सकाळी घरात नव्हते, बिचाऱ्यांना काही कल्पनाच नव्हती, पण बोल त्यांनाही लागला. ते फाटकाशी येऊन म्हणाले, "वहिनी, रविवारी बैठक घेतोय. मला वाटतं यादी आता फोनच्या ग्रुपवर टाकू. रोज सगळ्यांना मेसेज. तुम्हालाही त्रास नको."

त्रास नको, म्हणजे काम नको. मी "बरं" म्हटलं आणि आत आले. यादी गेली तर जाऊ दे, असं मला वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. चुकले म्हणून काढून घेतली असती तर एक वेळ सोसलं असतं. पण कॉम्प्युटर बदलला आणि बाईंना जमलं नाही म्हणून काढून घेतली, हे मला पचणार नव्हतं. माझ्या हातात शनिवारचा पूर्ण दिवस होता.

मी जे ग्रंथालयात केलं असतं तेच केलं. नवं कपाट आलं की आधी ते रिकामं ठेवून त्याचे खण बघायचे, मग पुस्तकं लावायची. शंभर पानी वही घेतली आणि कॉम्प्युटरची मदतीची पानं उघडून बसले. माझं इंग्रजी शिक्षण त्या दिवशी जितकं कामी आलं तितकं बी.ए.च्या परीक्षेतही आलं नव्हतं. ती पानं लिहिणारी माणसं फार सभ्य, पण प्रत्येक गोष्ट तुम्हाला आधीच माहीत आहे असं धरून चालणारी. त्यापेक्षा मला उपयोगी पडली ती खाली कुरकुर करणारी माणसं. जगभरातले म्हातारेकोतारे तिथं येऊन लिहीत होते की आमचं जुनं बटण परत द्या. एकानं लिहिलं होतं, मी तीन दिवस कॉम्प्युटर बंद कसा करायचा ते शोधतोय, आता त्याची वायर ओढतो. मला एकदम घरच्यासारखं वाटलं.

दुपारी वीज गेली, ती साडेचारला आली. तोवर वहीत काय काय बदलायचं त्याची टिपणं करून ठेवली होती. पहिल्यांदा हवामान, बातम्या आणि खेळ काढून टाकले. मग सुरू केल्याबरोबर सरळ डेस्कटॉप यावा अशी सोय केली. मग मोकळ्या जागेवर माउसचं उजवं बटण दाबलं, तेव्हा एक लांब यादी उघडली. तिच्यात 'आयकॉन आपोआप लावा' अशा अर्थाच्या ओळीपुढे बरोबरची एक छोटी खूण होती. एवढ्याशा खुणेनं माझी अब्रू घेतली होती. ती काढली आणि सात नंबरचं कार्ड ओढून बघितलं. ते जिथं सोडलं तिथं राहिलं.

तेव्हाच थांबले असते तरी चाललं असतं. पण आक्कांचं एक वाक्य डोक्यातून जात नव्हतं, मला आकडं येत नाय पर डोळं हायेत. मी वर्षभर यादी चालवली आणि ती मला एकटीलाच वाचता येत होती. या नव्या कॉम्प्युटरमध्ये आयकॉन बरेच मोठे करता येत होते, जुन्यात मी कधी इतके मोठे पाहिले नव्हते. आणि फाइलच्या शॉर्टकटचं चित्र आपल्याला हवं ते लावता येत होतं. मग मी चित्रं काढायच्या प्रोग्रॅममध्ये अठरा घरांची अठरा चित्रं काढायला बसले. घराला नंबर नाही, खूण. पाचवाल्यांच्या दारात पिंपळ, म्हणून पिंपळाचं पान. नऊवाल्यांकडे शिवणयंत्र. अध्यक्षांची निळी जीप. आक्कांनी गावाहून येताना सोबत आणलेली काळी शेळी. माझी शेळी आजोबांना कुत्रा वाटली म्हणून तिला दोनदा शिंगं काढली. मग डेस्कटॉपच्या मागच्या चित्रात मध्ये एक जाड रेघ मारली, डावीकडची बाजू मातीच्या रंगाची, उजवीकडची निळी.

आणि प्रत्येक चित्राची दुसरी प्रत केली, कोपऱ्यात भरलेला हंडा काढून. पाणी मिळालं की कार्ड उजवीकडे न्यायचं आणि त्याचं चित्रही बदलायचं. म्हणजे उद्या कुणी पुन्हा ट्रे उलटले तरी हंडा सांगेल. फाइल उघडून आत तारीखही लिहायची ठरवली. हे मी पहिल्या दिवसापासून करायला हवं होतं.

रविवारी सकाळी बैठक अध्यक्षांच्या पोर्चमध्ये भरली. मी आधी उठून चूक सांगितली, कशी झाली तेही सांगितलं. सातवाले गृहस्थ म्हणाले, "कॉम्प्युटरनं केलं म्हणायचं, आणि हौद आपला भरायचा. बरा कॉम्प्युटर आहे." लोक हसले. मीही हसले. अध्यक्षांनी फोनच्या ग्रुपचं मांडलं. बहुतेकांच्या माना हलल्या. मी एवढंच म्हटलं, "ठरवा, पण त्याआधी पाच मिनिटं माझ्या घरी चला."

सगळे नाही आले, दहाबारा आले. आमच्या बैठकीच्या खोलीत दाटीवाटीनं उभे राहिले. सोळा, सतरा, अठराच्या खुणा मातीवर होत्या, बाकीच्या निळ्यावर हंड्यासकट. कुणी काही विचारायच्या आत आक्का पुढे झाल्या आणि पडद्यावर बोट टेकवलं.

"ही आमची शेळी हाय का?"

"हो."

"कान लई मोठं काढलंत." त्यांनी अजून जवळ जाऊन पाहिलं. "आमची शेळी वाळल्या रानात हाय. म्हंजे आमचं पानी नाय आलं. तुम्ही परवा सोडलं ते पाळीचं नाय धरलं?"

"नाही. ते माझ्या चुकीचं. तुमची पाळी उद्या."

आक्का मागे वळल्या आणि अध्यक्षांना म्हणाल्या, "सायेब, तुमच्या फोनातलं मला लेकाला वाचाया लावावं लागंल. तो घरी येतो आठला. हितं मी सोता बघते. मॅडमकडंच ऱ्हाऊ द्या."

सातवाल्यांनी आपलं चित्र शोधलं. त्यांच्या दारात जुनी आरामखुर्ची असते, मी तीच काढली होती. "मी एवढा बसून असतो काय?" ते म्हणाले. त्यांच्या बायकोनं तिथंच "असता" म्हणून सांगितलं. पुन्हा लोक हसले, पण या वेळचं हसणं वेगळं होतं.

अध्यक्ष चतुर माणूस. म्हणाले, "ठीक आहे वहिनी. यादी तुमच्याकडे, पण कॉम्प्युटर खिडकीशी ठेवा, तोंड रस्त्याकडे. आणि टँकर गेला की कार्ड हलवताना त्या घरचं एक माणूस हजर पाहिजे." मला ही अट इतकी आवडली की ती मलाच का सुचली नाही याचं वाईट वाटलं. त्याच दुपारी आम्ही टेबल खिडकीशी सरकवलं. उन्हामुळे कॉम्प्युटरचा पडदा नीट दिसेना, म्हणून आजोबांनी पुठ्ठ्याची झडप करून लावली.

सोमवारी सोळा, सतरा, अठरा भरले. आक्का ओले हात पुसत आल्या. मी माउस त्यांच्या हातात दिला. शेळी रेघेपर्यंत आली आणि सुटली. पुन्हा धरली, पुन्हा मध्येच सुटली. "दावं तुटतंय," त्या म्हणाल्या. तिसऱ्या वेळी त्यांनी बोट इतकं घट्ट दाबून धरलं की नख पांढरं पडलं, आणि शेळी निळ्यावर जाऊन उभी राहिली.

यादी पुढे आणखी दोन उन्हाळे माझ्याकडे राहिली. कॉम्प्युटरनं मध्ये पुन्हा एकदा रूप पालटलं. तेव्हा वही काढली आणि एका दुपारीत सगळं जागेवर आणलं. खिडकीशी येऊन बघणारे मात्र वाढत गेले आणि प्रत्येकाची काही ना काही मागणी असे. नऊवालीला शिवणयंत्राला चाक हवं होतं. दहावाल्यांकडे नवं बाळ आलं म्हणून पाळणा. अध्यक्षांनी तर एकदा मुद्दाम निरोप पाठवला की जीप विकली, आता तिच्याजागी दारातला शेवगा काढा, आणि शेंगा जरा भरपूर दाखवा. मी कात्रीनं शेवग्याची एक फांदी कापून आणली, टेबलावर ठेवली आणि चित्रासाठी तिची पानं मोजत बसले.